बेंटवुड खुर्ची

बेंटवुड खुर्ची : वाफेने मऊ केलेल्या लाकडी दांड्या साच्यात वाकवून, त्याच आकारात वाळवून व स्क्रूंनी एकमेकींस जोडून तयार केलेली खुर्ची. ‘बेंटवुड’ ह्या इंग्रजी संज्ञेचा अर्थ ‘वाकविलेले लाकूड’ असा आहे. मराठीत ह्या खुर्चीला स्वतंत्र नाव रूढ झालेले नाही. मात्र मुंबई-पुण्याकडील लोकांस ती ‘इराण्याच्या हॉटेलातील खुर्ची’ म्हणून चांगली परिचित आहे. गोलसर बैठक, पाठीशी एकात एक बसविलेल्या दोन कमानी, चारही पायांना आतून बांधून ठेवणारे कडे आणि काळसर तपकिरी झिलई ही तिची सर्वसाधारण लक्षणे होत. जुने लाकडी फर्निचर घरात वापरण्यासाठी निवडणाऱ्यांच्या दृष्टीने ह्या खुर्चीचे महत्त्व वेगळे आहे. राजवाड्यांतील कोरीव आसनांप्रमाणे ती दुर्मिळ नाही. ती कोट्यवधी संख्येने निर्माण झाली, अनेक देशांत व अनेक कारखान्यांत झाली आणि शंभर वर्षांनंतरही नित्य वापराला उपयोगी पडते. परंतु ह्याच कारणामुळे तिच्यावरील नाव किंवा तिचे वय ह्यांवरून तिची पारख पुरती होत नाही. ती कशी घडविली आहे हे ज्याला कळते, त्यालाच चांगली जुनी खुर्ची ओळखता येते.

लाकूड उष्णतेने व ओलाव्याने मऊ करून वाकविण्याची कला फार जुनी आहे. जहाजांच्या फासळ्या, पिपांच्या फळ्या इ. वस्तू ह्याच रीतीने तयार होत. भारतात हॉकीच्या काठीचे वाकडे टोक तुतीचे लाकूड वाफवून करण्यात येई, ते ह्याच कलेचे उदाहरण होय. खुर्चीच्या बाबतीत अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये विंझर खुर्चीच्या पाठीची कमान वाकविलेल्या काठीची असे. अमेरिकेत बॉस्टनच्या सॅम्युएल ग्रॅग ह्या कारागिराने पाठ, बैठक व पाय एका ओघात वाकविलेली ‘लवचिक खुर्ची’ तयार करून १८०८ मध्ये तिचे एकस्व मिळविले. तथापि हे सर्व प्रयत्न हस्तव्यवसायाच्या मर्यादेत राहिले. संपूर्ण खुर्ची वाकविलेल्या लाकडाची करून ती कारखान्यात, सामान्य माणसाला परवडेल अशा किंमतीत निर्माण करण्याचे श्रेय मिखाएल टोनेट (१७९६–१८७१) ह्या जर्मन सुताराकडे जाते.

टोनेटचा जन्म ऱ्हाईन नदीकाठच्या बोपार्ट ह्या गावी झाला. १८१९ मध्ये त्याने तेथे स्वतःची कार्यशाळा काढली. त्या काळी वक्राकार खुर्च्यांचे भाग जाड फळीतून कापून काढीत. ह्या पद्धतीत लाकूड फार वाया जाई. शिवाय वळणावर लाकडाचे तंतू आडवे तुटत असल्याने नेमक्या त्याच जागी भाग दुबळा होई. टोनेटने १८३० नंतरच्या दशकात निराळा मार्ग शोधला. लाकडाच्या पातळ पट्ट्या सरसात उकळून, त्यांचा जुडगा साच्यात दाबून तो वाळू द्यावयाचा, म्हणजे हवे ते वळण कायम राहते. अशा खुर्च्या त्याने १८४१ मध्ये कॉब्लेंट्स येथील प्रदर्शनात मांडल्या. त्या ऑस्ट्रियाचा चान्सेलर मेटरनिख ह्याच्या पाहण्यात आल्या आणि त्याने टोनेटला व्हिएन्नाला येण्याचे सुचविले. १८४२ मध्ये व्हिएन्नाच्या दरबाराने त्याला लाकूड वाकविण्याच्या पद्धतीचा विशेषाधिकार दिला; पण इकडे बोपार्ट येथील त्याची मालमत्ता कर्जापायी जप्त झाली. मेटरनिखचा आश्रय लाभलेला हा कारागीर व्हिएन्नाला आला तो जवळजवळ निष्कांचन अवस्थेत. काही वर्षे त्याने लाइस्टलर ह्या फर्निचर उत्पादकाबरोबर लिख्टेनश्टाइन घराण्याच्या प्रासादातील काम केले व १८४९ मध्ये मुलांच्या मदतीने पुन्हा स्वतंत्र कार्यशाळा सुरू केली.

व्हिएन्नातील ‘कॅफे डाउम’ ह्या कॉफीगृहासाठी केलेल्या खुर्च्या हे त्याचे पहिले मोठे सार्वजनिक काम होय. बेंटवुड खुर्चीचे भवितव्य राजवाड्यात नसून उपाहारगृहात आहे, हे येथे प्रथम दिसून आले. उपाहारगृहाच्या मालकास हलकी, उचलून बाजूला ठेवता येईल अशी, झाडलोटीला सोपी व गिऱ्हाइकांच्या धसमुसळेपणाला पुरून उरणारी खुर्ची हवी होती. १८५१ च्या लंडन येथील भव्य प्रदर्शनात टोनेटला पदक मिळाले आणि १८५३ मध्ये त्याने धंदा पाच मुलांच्या नावे केला. ‘गेब्रूडर टोनेट’ म्हणजे ‘टोनेट बंधू’ हे नाव तेव्हापासून आढळते.

पट्ट्या चिकटवून केलेल्या खुर्च्यांत एक मूलभूत दोष होता. त्यांची सगळी मदार सरसावर होती आणि सरस दमट हवेत सुटतो. समुद्रापार उष्ण प्रदेशांत पाठविलेल्या खुर्च्यांच्या पट्ट्या उकलू लागल्या. ह्या अडचणीतूनच एकसंध भरीव दांडी वाकविण्याची पद्धत पुढे आली. तिच्यासाठी १८५६ मध्ये टोनेट बंधूंना तेरा वर्षांचा विशेषाधिकार मिळाला. मुंबई, कोकण किंवा गोवा येथील दमट हवेत ह्या खुर्च्या का टिकल्या, ह्याचे उत्तर ह्या घटनेत आहे. उष्ण प्रदेशांतील बाजारपेठेचा विचार त्यांच्या घडणीच्या मुळाशीच होता.

घडण : भरीव लाकूड वाकविण्यातील मुख्य अडचण अशी की, वळणाच्या बाहेरच्या अंगाचे तंतू ताणले जातात व आतल्या अंगाचे दाबले जातात. वाफविलेले लाकूड तंतूंच्या दिशेने पुष्कळच, सु. २५ ते ३० टक्क्यांपर्यंत, दाबले जाऊ शकते. पण ते ताणले मात्र फार तर १ ते २ टक्केच जाते. त्यामुळे दांडी नुसती वाकविली, तर तिच्या बाहेरच्या अंगास चिरा पडतात. टोनेटने दांडीच्या बाहेरच्या बाजूस पोलादी पट्टी दोन्ही टोकांशी घट्ट आवळून बसविली. पट्टी ताणली जात नाही. त्यामुळे तिच्या लगतचे लाकूडही ताणले जात नाही आणि वळणाचा सगळा भार आतल्या तंतूंच्या दाबावर पडतो. युक्ती साधी आहे, परंतु तिच्याविना हा उद्योग उभाच राहिला नसता.

ह्या कामासाठी बीच वृक्षाचे लाकूड सर्वांत योग्य ठरले. ते एकसारख्या पोताचे, सरळ तंतूंचे व वाफेने सहज मऊ होणारे असते. बीचची जंगले मोरेव्हियात (आता चेक प्रजासत्ताकात) विपुल होती; म्हणून टोनेट बंधूंनी आपला पहिला मोठा कारखाना १८५७ च्या सुमारास तेथील कोरिचानी ह्या गावी काढला. त्यानंतर बिस्त्रिझत्से, हालेन्कोव्ह, व्हसेटीन, हंगेरीतील नाद्युग्रोत्स (आता स्लोव्हाकियात) व रशियाच्या ताब्यातील पोलंडमध्ये राडॉम्स्को येथे कारखाने निघाले. कच्चा माल शहरात आणण्यापेक्षा जंगलाजवळ जाऊन तयार माल बाहेर धाडणे स्वस्त पडे. ओंडक्यांतून चौरस दांड्या कापून, त्या लेथवर कातून गोल करीत, वाफेच्या पेटीत ठेवीत आणि बाहेर काढताच, निवण्यापूर्वी, बिडाच्या साच्याभोवती वाकवीत. साच्यासकट त्या गरम खोलीत वाळवीत. प्रत्येक कामगाराकडे एकच काम असे व त्यासाठी मुरलेला सुतार लागत नसे. घासकाम, झिलई व वेताचे विणकाम पुष्कळ प्रमाणात आसपासच्या खेड्यांतील स्त्रिया करीत. पारंपरिक सुतारीतील कूस-साल जोड ह्या खुर्चीत जवळजवळ नाहीतच. सुताराचे कसब साच्यात गेले आणि खुर्ची कारखान्याची झाली.

ह्या तत्त्वाची परिणती म्हणजे १८५९ मधील ‘१४ क्रमांकाची’ खुर्ची. तिच्या प्रगत रूपात लाकडाचे अवघे सहा भाग आहेत : मागचे पाय व पाठ मिळून एक सलग मोठी कमान, तिच्या आतील लहान कमान, बैठकीचे कडे, पुढचे दोन पाय व पायांना जोडणारे खालचे कडे. हे भाग दहा स्क्रू व दोन नटांनी जोडले जातात. आरंभीच्या खुर्च्यांस खालचे कडे नसे. ते पुढे बळकटीसाठी आले. भाग सुटे करून भरल्यास एक घन मीटरच्या खोक्यात ३६ खुर्च्या मावत आणि पोहोचल्या ठिकाणी साध्या पेचकसाने त्या उभ्या करता येत. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात टोनेट बंधूंना सुवर्णपदक मिळाले. १९३० पर्यंत १४ क्रमांकाच्या सु. पाच कोटी खुर्च्या निर्माण झाल्या असे मानले जाते. १८ क्रमांकाच्या खुर्चीत आतली कमान खाली बैठकीपर्यंत आणलेली असते. त्यामुळे पाठ अधिक भक्कम होते. दूरच्या देशांत हीच खुर्ची मोठ्या प्रमाणावर गेली. १८६० पासून डोलखुर्च्याही होऊ लागल्या व त्यांत लाकडाच्या वळणांना जो मोकळा वाव मिळाला, तो इतरत्र क्वचितच दिसतो.

विशेषाधिकाराची मुदत १८६९ मध्ये संपताच इतर उत्पादक पुढे आले. त्यांपैकी याकोप व योझेफ कोन ह्यांची कंपनी सर्वांत मोठी. तिने सवंग नकलांवर समाधान न मानता व्हिएन्नातील नव्या वास्तुशिल्पज्ञांना हाताशी धरले. आडोल्फ लोस ह्याने १८९९ मध्ये ‘कॅफे म्यूझियम’साठी तयार केलेली खुर्ची तिनेच बनविली, तीत गोल दांडीऐवजी लंबवर्तुळाकृती छेदाची दांडी वापरल्याने वजन घटले. योझेफ होफमान ह्याच्या पुर्कर्सडॉर्फ आरोग्यधामासाठीच्या व ‘फ्लेडरमाउस’ रंगगृहासाठीच्या (१९०७) खुर्च्याही बेंटवुडच्याच. पुढे १९०७ मध्ये ‘मुंडुस’ ही संयुक्त कंपनी निघाली, १९१४ मध्ये कोन तिच्यात सामील झाली व १९२२-२३ च्या सुमारास टोनेटही. ल कॉर्ब्यूझ्ये ह्याने १९२५ मध्ये पॅरिस येथील आपल्या प्रदर्शन-दालनात टोनेटची हातांची खुर्ची मांडली. यंत्रयुगातील घरासाठी नवी खुर्ची शोधणाऱ्यांना ती अर्धशतकापूर्वीच होऊन गेल्याचे आढळले, ही गोष्ट लक्षणीय आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकिया व पोलंड येथील कारखान्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. बिस्त्रिझत्से येथील कारखाना १९५३ पासून ‘टोन’ ह्या नावाने चालू आहे.

भारतातील प्रसार : भारतीय घरात बैठक पूर्वापार जमिनीलगतची. पाट, चौरंग, गादी-तक्क्या व झोपाळा ह्यांवर सर्व व्यवहार चालत. खुर्ची हा शब्दही फार्सीमार्गे आलेल्या अरबी ‘कुर्सी’पासून बनला आहे. इंग्रजी अंमलात कचेरी, शाळा व न्यायालय ह्यांतून खुर्ची मध्यमवर्गीय घरात आली; पण सर्व जातिधर्मांच्या सामान्य माणसाला पैसे देऊन खुर्चीवर बसण्याची सवय लावण्यात इराणी उपाहारगृहांचा वाटा मोठा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व विसाव्या शतकाच्या आरंभी इराणच्या यझ्द, केरमान इ. भागांतून आलेल्या जरथुश्त्री लोकांनी मुंबईत व नंतर पुण्यात चहा-पावाची दुकाने काढली. धोबी तलावावरील ‘कयानी’ (१९०४), ग्रँट रोडवरील ‘मेरवान’ (१९१४), बॅलार्ड इस्टेटमधील ‘ब्रिटानिया’ (१९२३) ही त्यांपैकी नामांकित होत. संगमरवरी फळ्यांची टेबले व त्यांभोवती बेंटवुड खुर्च्या ही त्यांची मांडणी जवळजवळ ठरून गेलेली होती. ऑस्ट्रियन साम्राज्यातून, आणि १९१८ नंतर चेकोस्लोव्हाकिया व पोलंडमधून, ह्या खुर्च्या आल्या. व्हिएन्नाच्या कॉफीगृहातील मालकाची व मुंबईच्या इराण्याची गरज एकच होती. भारतानेही ह्या खुर्चीला काही दिले होते. तिच्यावरील झिलई शेलॅकची, म्हणजे शुद्ध केलेल्या लाखेची, असे आणि एकोणिसाव्या शतकात जगाला लाख पुरविणारा मुख्य देश भारत हाच होता. बैठकीचा वेत आग्नेय आशियातून जाई.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इराणी उपाहारगृहांची संख्या झपाट्याने घटत गेली. ती बंद पडली, तशा त्यांच्या खुर्च्या जुन्या सामानाच्या बाजारात आल्या. मुंबईतील चोर बाजार व ओशिवरा येथे त्या विकावयास येतात. उपाहारगृहात दिवसाकाठी अनेकांच्या खाली राहिलेली खुर्ची घरात येते, तेव्हा ती पुष्कळशी झिजलेली, अनेकदा दुरुस्त केलेली व क्वचित दोन-तीन खुर्च्यांचे भाग एकत्र करून उभी केलेली असते. सरसकट नव्यासारखी करून विकण्याच्या घाईत तिच्या घडणीची नासाडी होते, हे अधिक चिंताजनक. मूळ मालक, जागा व वर्षे ह्यांची कोणतीही नोंद न ठेवता त्या विकल्या जातात, ही हानी तर भरून न येणारीच.

निवड : खुर्ची उलटी करून पाहणे ही पहिली पायरी. बैठकीच्या कड्याच्या आतल्या अंगास कारखान्याचा ठसा किंवा कागदी चिठ्ठी असण्याचा संभव असतो. चिठ्ठीवरील देशाचे नाव कालनिर्णयास उपयोगी पडते : चेकोस्लोव्हाकियाचे नाव असलेली खुर्ची १९१८ पूर्वीची असू शकत नाही; टोनेट व मुंडुस ही नावे एकत्र असल्यास ती १९२२ नंतरची होय. परंतु चिठ्ठ्या गळून पडतात, नव्याने चिकटविताही येतात आणि ठसे उमटविणे अवघड नाही. कोन कंपनीची सुस्थितीतील खुर्ची टोनेटच्या मोडक्या खुर्चीपेक्षा केव्हाही श्रेयस्कर. निनावी खुर्चीही त्याज्य नव्हे. केवळ नावासाठी अधिक किंमत मोजणे संग्राहकाला शोभते, घर सजविणाऱ्यास त्याची गरज नाही.

लाकडाच्या रेषा अधिक विश्वसनीय साक्ष देतात. खरोखर वाकविलेल्या दांडीत तंतू वळणाबरोबर वळत जातात; कमानीच्या माथ्यावरही त्या रेषा तुटत नाहीत. फळीतून कापलेल्या नकलेत त्या वळणावर तिरक्या तुटून कडेला संपतात. रंगाच्या थरांखाली हे दिसत नसल्यास बैठकीखालचा, न रंगविलेला भाग पाहावा. बैठकीचे कडे एका ठिकाणी लांब तिरकस सांध्याने जुळविलेले असते. तो सांधा मूळचा असून दोष नव्हे. मात्र तो उकलला असेल, तर संपूर्ण बैठक सैल होते.

खुर्ची डुगडुगते म्हणून ती नाकारण्याचे कारण नाही. लाकूड ऋतुमानाप्रमाणे आकसते व फुगते. त्यामुळे स्क्रू सैल होणे स्वाभाविक असते आणि ते आवळण्यासाठीच आहेत. बहुतेक वेळा मागील कमान बैठकीला जोडणारे दोन बोल्ट घट्ट केले की खुर्ची स्थिर होते. ह्याउलट घट्ट वाटणारी खुर्ची संशयास्पद असू शकते. सांध्यांत खिळे ठोकून व सरस ओतून ती घट्ट केलेली असेल, तर लाकडाला हलण्यास वाव उरत नाही व पुढची चीर खिळ्याच्या जागीच पडते. वळणाच्या बाहेरच्या अंगावरील आडव्या चिरा हा सर्वांत गंभीर दोष होय. कारण तेथील तंतू तुटलेले असतात व कोणत्याही पुट्टीने ते सांधत नाहीत. मोठ्या कमानीत, बैठकीला बोल्ट लागतो त्या ठिकाणी, अशी चीर विशेषकरून पाहावी. बसणाऱ्याने पाठ मागे रेलली म्हणजे सर्व भार तेथेच येतो आणि खुर्ची मागच्या दोन पायांवर झुलविण्याच्या सवयीने पुष्कळ खुर्च्या तेथेच मोडलेल्या आहेत.

बीचचे लाकूड कीड व वाळवी ह्यांना लवकर बळी पडते. ह्या बाबतीत सागाशी त्याची तुलना होऊ शकत नाही. टाचणीच्या डोक्याएवढी भोके दिसल्यास ती जुनी की चालू हे ठरवावे लागते. चालू किडीच्या भोकांची आतली बाजू फिकट असते व खुर्ची आपटल्यास त्यांतून बारीक पीठ पडते. अशी खुर्ची कीडनाशक उपचारापूर्वी इतर फर्निचरजवळ ठेवू नये. पायांची टोके फरशीवरील पाण्याने कुजलेली असतात; ती सारखी कापून खुर्ची ठेंगणी केली असल्यास बसताना लगेच जाणवते. जेवणाच्या टेबलासाठी बैठकीची उंची सु. ४५ सेंमी. असावी. चांगल्या खुर्चीचे वजन सु. ३ ते ४ किग्रॅ. असते. त्याहून पुष्कळ जड खुर्ची बीचची नसण्याचा संभव असतो.

बैठक वेताची की प्लायवुडची, ह्यावरून जुनेपणा ठरविणे चुकीचे आहे. दोन्ही प्रकार कारखान्यांतूनच निघत. उपाहारगृहांसाठी भोकांची नक्षी पाडलेले किंवा उठाव दिलेले प्लायवुड अधिक टिकाऊ म्हणून पसंत केले जाई. मात्र कड्याभोवती खालून लहान भोकांची माळ दिसत असून वर प्लायवुड ठोकलेले असेल, तर ती खुर्ची मुळात वेताची होती असे समजावे. तिची बैठक पुन्हा विणून घेता येते. हाताने भोकांतून विणलेली बैठक व यंत्राने विणलेला वेताचा पडदा खाचेत दाबून बसविलेली बैठक ह्यांत पहिली अधिक चिवट असते. दुसरी स्वस्त असली, तरी खाच नसलेल्या जुन्या कड्यात तिच्यासाठी नवी खाच पाडणे म्हणजे कडे दुबळे करणे होय. खुर्च्या विणणे हे दृष्टिहीनांना शिकविल्या जाणाऱ्या कामांपैकी एक जुने काम असून भारतातही त्याची परंपरा आहे. वेत कोरड्या हवेत ठिसूळ होतो. अधूनमधून बैठकीला खालच्या बाजूने ओला फडका लावल्यास तो दीर्घकाळ टिकतो.

झिलईच्या बाबतीत विक्रेते सर्वाधिक नुकसान करतात. जुना रंग काढण्यासाठी खुर्ची कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडविली की लाकडाचे तंतू उभे राहतात, सांध्यांतील सरस विरघळतो व रंग फिका आणि निर्जीव होतो. त्यानंतर यंत्राने घासल्यास कातलेल्या दांड्यांची गोलाई व पायांवरील बारीक कंगोरे नाहीसे होतात. वरून चढविलेला चकचकीत कृत्रिम लेप ह्या सगळ्यावर पांघरूण घालतो. अशा खुर्चीपेक्षा मळकट, ओरखडे पडलेली पण मूळ झिलई राखलेली खुर्ची घेणे शहाणपणाचे. लाखेची झिलई स्पिरिटमध्ये विरघळते. त्यामुळे न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा बोळा फिरवून ती मूळची आहे की नाही हे पडताळता येते आणि खराब झालेल्या जागीच नवा हात देता येतो. शेलॅकवर गरम कपाचा पांढरा डाग पडतो हे खरे. पण तो काढताही येतो.

एकसारख्या चार किंवा सहा खुर्च्यांचा संच मिळणे कठीण असते. वेगवेगळ्या कारखान्यांच्या खुर्च्या दुरून सारख्या दिसल्या, तरी त्यांच्या दांड्यांची जाडी, कमानीचा बाक व स्क्रूंची भोके जुळत नाहीत. म्हणून एकीचे पाय दुसरीला बसविताना नवी भोके पाडली जातात. बैठकीखाली बुजविलेली किंवा रिकामी भोके दिसणे हे अशा जोडकामाचे चिन्ह होय. जोडकाम नीट झाले असल्यास घरगुती वापरास ते बाधक नाही, मात्र किंमत त्या मानाने कमी असली पाहिजे. संच जुळविण्यापेक्षा एकाच क्रमांकाच्या पण निरनिराळ्या कारखान्यांच्या खुर्च्या एकत्र ठेवणे अधिक प्रामाणिक दिसते.

‘प्राचीन’ हा शब्द बाजारात सैलपणे वापरला जातो. सामान्यतः शंभर वर्षांहून अधिक जुन्या वस्तूला तो लावतात, तर त्याहून अलीकडच्या पण आपल्या काळाची छाप असलेल्या वस्तूला इंग्रजीत ‘व्हिंटेज’ म्हणतात. भारतात पुरावशेष व कला निधी अधिनियम, १९७२ अनुसार किमान शंभर वर्षे जुन्या कारागिरीच्या वस्तू पुरावशेष ठरू शकतात व अशा वस्तूंची निर्यात खाजगी व्यक्तींना करता येत नाही. इराणी उपाहारगृहांच्या आरंभीच्या काळातील खुर्च्यांनी ही मर्यादा ओलांडली आहे. त्यामुळे परदेशी जाताना अशी खुर्ची बरोबर नेऊ इच्छिणाऱ्याने भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे आधी चौकशी करणे आवश्यक ठरते.